सिगारेट की वेप (ई-सिगारेट): खिशाला कोण जास्त खातं?

गणिताचा_पेपर

"वेपवर आलो आणि खर्च पार खाली आला" असं छातीठोकपणे सांगणारे जितके भेटतात तितकेच "कसलं काय, उलट वाढला" म्हणून कपाळाला हात लावणारेही भेटतात, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. म्हणून म्हटलं एकदा नीट हिशेब मांडू. तब्येतीचा विषय मुद्दाम बाजूला ठेवतोय, त्यावर भांडायला जागा भरपूर आहेत, इथे फक्त पैसा.

भाव आणि कर जागोजागी वेगळे, त्यामुळे कुठल्या एका देशाचं चलन धरून उपयोग नाही. मी २० सिगारेटचं पाकीट म्हणजे १०० पॉइंट असं धरलंय, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. दिवसाला एक पाकीट ओढणाऱ्याचा खर्च रोज १००, वर्षाला ३६,५००. सिगारेटवाल्याचा हिशेब इथे संपला, लायटर धरू नका, ते कोणी विकत घेत नाही, ढापतात.

आता वेप. साधा रिफिल होणारा पॉड डिव्हाइस घ्या, समजा २५० चा, आणि दहा महिने टिकला तर रोजचा एक पॉइंटसुद्धा पडत नाही. लोक याच किमतीकडे बघून घाबरतात नाहीतर भुलतात, पण हिशेबात तिला काही वजनच नाही. कॉइलसकट पॉड, म्हणजे लिक्विड भरायची कुपी आणि ते तापवणारी तार, समजा ३० चा, दहा दिवस चालला, म्हणजे रोजचे ३. लिक्विडची १० एमएलची बाटली समजा ३५ ची, एमएलमागे २० एमजी निकोटिनवाली, दिवसाला अडीच एमएल गेलं तर बाटली चार दिवस, म्हणजे रोजचे पावणेनऊ. सगळं मिळून साडेबाराच्या आसपास. कुठे शंभर आणि कुठे साडेबारा!

"समजा" इतक्या वेळा आलंय कारण हे आकडे मी धरलेले आहेत, जिथे सिगारेटवर दणदणीत कर आहे आणि लिक्विड मोकळं मिळतं तिथलं हे चित्र. तुमच्याकडचे आकडे घालून बघा आणि इथे टाका. मला बघायचंय हे गणित कुठे बोंबलतं ते.

निवांत_नाना

बोंबलतं ना, पहिल्याच फटक्यात बोंबलतं. सगळी बचत उभी आहे ती सिगारेट महाग असण्यावर. सिगारेट बनवायला असा काय खर्च येतो, किंमत असते ती कराची. जागतिक आरोग्य संघटना म्हणते किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५% असावा, पण जगात तिथपर्यंत पोचलेले देश थोडेच. जिथे कर कमी तिथे पाकीट स्वस्त, आणि वेपचा माल बाहेरून येत असेल तर तो महाग.

तुमच्याच पद्धतीने करून बघा. पाकीट १००, पण बाटली १५०, पॉड १००, डिव्हाइस १०००. पाकीटभर ओढणाऱ्याला रोजचे लिक्विडचे साडेसदतीस, पॉडचे १०, डिव्हाइसचे तीन-साडेतीन, म्हणजे ५१ च्या आसपास. निम्म्यावर आलं, वाईट नाही. पण दिवसाला पाचच सिगारेटी ओढणारा घ्या. त्याचा आजचा खर्च २५. वेपवर आला आणि अगदी हात राखून पाऊण एमएल वापरलं तर लिक्विडचे ११, पॉड जरा जास्त टिकला तरी ५, डिव्हाइसचे तीन, झाले १९-२०. आणि जरा हात सैल सुटला, दीड एमएलवर गेला, की तीसच्या वर. म्हणजे तो सिगारेटच ओढत असता तर स्वस्तात सुटला असता. (ओढा असं म्हणत नाहीये, नाहीतर लगेच धावून याल.)

सुपारीफूल

वाचतेय. पहिल्यांदाच कोणीतरी या विषयावर आकडे लिहिलेत, नाहीतर "माझा मित्र म्हणतो" च्या पुढे गाडी जात नाही.

कापूसकोंड्या

नाना म्हणतात ते बरोबर पण खरी गोम "दिवसाला किती एमएल" मध्ये आहे, आणि तो आकडा ठरतो निकोटिनच्या स्ट्रेंग्थवर आणि डिव्हाइसच्या पॉवरवर, माणसाच्या मनावर फार कमी.

जरा इस्कटून सांगतो. एका सिगारेटच्या तंबाखूत निकोटिन असतं १० एमजीच्या आसपास किंवा थोडं जास्त, पण ओढणाऱ्याच्या अंगात जातं साधारण १ ते दीड एमजी. म्हणजे पाकीटभर ओढणाऱ्याच्या शरीराला रोज २० ते ३० एमजीची सवय लागलेली असते, आणि वेपवर आला तरी शरीर तेवढंच मागणार, त्याला तुमचा हिशेब कळत नाही. २० एमजीचं लिक्विड असेल तर दोन-अडीच एमएलमध्ये पोट भरतं, त्यातलंही सगळं काही अंगात जात नाही पण अंदाजाला ठीक. आता तोच माणूस ३ एमजीचं लिक्विड आणि ७०-८० वॅटचा ढगवाला डिव्हाइस घेऊन बसला तर त्याला निकोटिनची भूक भागवायला आठ-दहा एमएल ओढावं लागतं, आणि ओढतो, कारण सब-ओहम कॉइल (एक ओहमपेक्षा कमी रोधाची) एका दमात लिक्विडचा फडशा पाडते.

मग लोक म्हणतात निकोटिन कमी केलं तरी खर्च वाढला. वाढणारच! पातळ केलं की जास्त लागतं.

गणिताचा_पेपर

@कापूसकोंड्या, हे भारी सांगितलंत. पण मग सब-ओहमवाले इतके दिवस बुडाले कसे नाहीत? दहा एमएल म्हणजे माझ्या हिशेबाने रोजची एक बाटली, ३५ पॉइंट नुसते लिक्विडचे.

कापूसकोंड्या

कारण ते १० एमएलच्या बाटल्या घेत नाहीत हो. युरोपियन युनियनचा २०१४ चा तंबाखू निर्देश आहे, २०१६ च्या मे पासून लागू झाला, त्यात निकोटिनवाल्या लिक्विडची बाटली १० एमएलपेक्षा मोठी नको, टाकी किंवा पॉड २ एमएलपेक्षा मोठा नको आणि निकोटिन २० एमजीच्या वर नको असे तीन दंडक आहेत. पण निकोटिन नसलेल्या लिक्विडला हे लागू नाही, मग बाजाराने पळवाट काढली. ६० एमएलच्या बाटलीत ५० एमएल बिननिकोटिनचं लिक्विड भरून विकायचं, वर १० एमएलची जागा रिकामी, आणि एमएलमागे १८ एमजीची १० एमएलची एक छोटी बाटली, निकोटिन शॉट, वेगळी घेऊन तुम्ही ती घरी त्यात ओतायची. १८० एमजी निकोटिन, ६० एमएल लिक्विड, भागाकार केला की ३ एमजी. याला शॉर्टफिल म्हणतात. १०० एमएलचं मोठं घेतलं तर दोन शॉट्स, १२० एमएल, पुन्हा तेच ३ एमजी. अख्खा डबा समजा १५० पॉइंटला पडला तर एमएलमागे सव्वा पॉइंट, म्हणजे रोजच्या दहा एमएलचे साडेबारा. तुमच्या पॉडवाल्याच्या पावणेनऊपेक्षा जास्त आहे पण डोकं धरावं असं नाही. कॉइल मात्र त्यांच्या लवकर जातात आणि महागही असतात, शेवटी सगळं धरून पॉडवाला जिंकतो.

टिंबटिंब

आणि डिस्पोजेबल, एकदा ओढून फेकायची? मला वाटतं निम्मी जनता तीच ओढते आणि तीच सगळ्यात महाग असणार, बरोबर ना?

गणिताचा_पेपर

प्रश्नच नाही. २ एमएलवाली डिस्पोजेबल समजा ५० पॉइंटला. एमएलमागे २५. बाटलीतलं लिक्विड एमएलमागे साडेतीन. सातपट झालं, आणि त्यात बॅटरी फेकून देताय ती वेगळीच. अडीच एमएल रोजचं धरलं तर दिवसाचे साडेबासष्ट. शंभरच्या तुलनेत स्वस्त दिसतं म्हणून माणूस खूश, पण रिफिलवाल्याच्या पाचपट देतोय हे त्याला कोणी सांगत नाही.

आणि त्या पाकिटावरच्या "६०० पफ" वर तर अजिबात जाऊ नका. ते मशीनने छोटे छोटे ठरावीक झुरके घेऊन मोजलेलं असतं. माणूस लांब ओढतो, मग सहाशेचे कधी तीनशे होतात तर कधी चारशे. सिगारेटचे दहा-पंधरा झुरके धरून "म्हणजे ५० सिगारेटी झाल्या की" असा भागाकार करणारे लोक मी पाहिलेत. झुरके मोजू नका, एमएल मोजा, दोन एमएलच आहे ते.

रातकिडा

एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. सिगारेट संपते. पेटवली, पाच-सात मिनिटांत थोटूक झालं, विझवली, उठलो. वेपला शेवटच नाही. कामाच्या टेबलावर पडलेला असतो, हात आपोआप जातो, नळ ठिबकत राहावा तसं दिवसभर चालू. सिगारेटसाठी उठून बाहेर जावं लागायचं, थंडीपावसात कंटाळा यायचा, त्यातच दोन-तीन कमी व्हायच्या. तो अडसर गेला की एमएल कुठे जातात कळत नाही. माझं लिक्विड सुरुवातीच्या दिवसांत जेवढं जायचं त्याच्या दुप्पट जातं आता, आणि मी काही दुप्पट टेन्शनमध्ये नाहीये.

हे तुमच्या गणितात कुठे बसतं?

निवांत_नाना

+१. आणि याच्याही वरची पायरी म्हणजे दोन्ही चालू असणारे. घरात वेप, बाहेर सिगारेट, चारचौघांत बसलं की पुन्हा सिगारेट. त्यांचं पाकीट दीड दिवस जातं एवढाच काय तो फरक, आणि वर लिक्विड, वर कॉइल. सिगारेट ६६ वर आली, वेपचे १२ वाढले, झाले ७८. बचत आहे म्हणा पण जाहिरातीसारखी नाही. डिस्पोजेबल आणि सिगारेट अशी जोडी असेल तर ६६ आणि ३०-४०, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत.

झाडाखाली

फेकून न देता वापरायचं म्हणत असाल तर कॉइलवर पण बोला कोणीतरी. माझी कॉइल चार दिवसांत मरते. दहा दिवस कोणाची चालते??

कापूसकोंड्या

गोड लिक्विड ओढता ना? आंबा, कस्टर्ड, बबलगम, असलं काहीतरी?

झाडाखाली

हो. तुम्हाला कसं कळलं 🙂

कापूसकोंड्या

मेलेली कॉइल पॉडमधून उपटून बघा एकदा. मधल्या भोकातून आत बघितलं तर तारेवर काळाकुट्ट चिकट थर दिसेल, नखाने खरवडला तर खडखडीत निघतो, आणि नाकाशी धरली तर जळक्या साखरेचा वास. तो थर स्वीटनरचा, बहुतेक सुक्रॅलोजचा. तो तारेवर जळतो आणि साचतो, मग उष्णता नीट पोचत नाही, तारेभोवतीचा लिक्विड शोषणारा कापूस करपतो आणि तोंडात जळलेल्या चिंधीची चव येते. बिनगोडाचं, साधं तंबाखू किंवा मिंट फ्लेवरचं पातळ लिक्विड असेल तर तीच कॉइल दोन आठवडेही जाते.

दुसरं म्हणजे नवी कॉइल टाकली की लगेच ओढू नका. कापसावर चार-पाच थेंब टाका, पॉड भरा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. कोरड्या कापसावर एक जरी झुरका घेतला तरी तो करपतो आणि मग ती कॉइल कधीच सुधारत नाही, नवीकोरी कॉइल कचऱ्यात. वॅटेज पण कॉइलवर लिहिलेल्या रेंजच्या खालच्या टोकाला ठेवा. एवढं केलंत तर तुमचा कॉइलचा खर्च निम्मा होईल, कुठल्याही सेलमध्ये मिळणार नाही एवढी सूट.

सुपारीफूल

विजेचं बिल पण धरा की मग. रोज चार्जिंग ना?

गणिताचा_पेपर

धरतो 🙂 मोठी १८६५० ची बॅटरी धरा, ३००० एमएएच, ३.७ व्होल्ट, म्हणजे ११ वॉट-अवर. रोज पूर्ण चार्ज केली तरी वर्षाला चार युनिट. सोडून द्या ते.

बॅटरी बदलावी मात्र लागते वर्ष-दीड वर्षाने. आणि तिचं वरचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलं असेल तर ती तशीच वापरू नका, खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटी ठेवू नका, शॉर्ट होऊन पेट घेते. इथे दोन पैसे वाचवायला जाऊ नये.

आडवातिडवा

तुमचं सगळं चाललंय ते जिथे वेप कायद्याने मिळतो तिथलं. भारतात २०१९ च्या कायद्याने बनवणं, विकणं, आयात, जाहिरात, साठवणूक सगळंच बंद आहे, विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून वेप फक्त औषधाच्या दुकानात. ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायचे वेप विकायला बंदी. मग जिथे बंदी तिथे जे काही चोरून मिळतं त्याला ना ठराविक भाव ना आत काय भरलंय याचा पत्ता, त्याच्याशी पाकिटाची तुलना करून काय हाती लागणार? दुकानदार मागेल तो भाव आणि वर पकडलं गेलं तर दंड, तोही खर्चात धरायचा का?

गणिताचा_पेपर

धरायचा नाही, तिथे हिशेबच करायचा नाही. बंदी असलेल्या ठिकाणी स्वस्त पडतं का हा प्रश्नच लागू नाही, मी इथे कोणाला तसं काही सुचवत नाहीये. जिथे उघड मिळतं तिथल्यांसाठी हा धागा.

बाकी ब्रिटनचं काढलंत ते बरं झालं. ती बंदी आल्यावर कंपन्यांनी काय केलं, त्याच आकाराच्या, त्याच रंगाच्या नळीला चार्जिंगचं भोक पाडलं आणि भरलेला पॉड बदलता येईल असा केला. कायद्याने ती आता रिफिल झाली. पण लोक पॉड संपला की अख्खी नळीच फेकतात आणि नवी घेतात, म्हणजे खर्च डिस्पोजेबलचाच. पॉड बदलला तरी तो भरलेला पॉड बाटलीपेक्षा एमएलमागे कितीतरी महाग.

टिंबटिंब

कराचं पण बघा. लिक्विड स्वस्त आहे ते बऱ्याच ठिकाणी कर नाही किंवा कमी आहे म्हणून. उद्या लावला की?

कापूसकोंड्या

उद्या कशाला, ब्रिटनमध्ये ठरलाच आहे, १ ऑक्टोबर २०२६ पासून १० एमएलमागे २.२० पाउंड. यातली मेख बघा, आधी निकोटिन जितकं जास्त तितका कर जास्त असे तीन टप्पे ठरले होते, ते रद्द करून सरसकट एकच दर केला, निकोटिन शून्य असलं तरी तोच. म्हणजे अडीच एमएल ओढणाऱ्या पॉडवाल्याला रोजचे ५५ पेन्स आणि दहा एमएल ओढणाऱ्या ढगवाल्याला २.२० पाउंड. १०० एमएलच्या शॉर्टफिलवर एका झटक्यात २२ पाउंड नुसता कर. अंगात निकोटिन ढगवाल्याच्या काही जास्त जात नाहीये! त्या दिवसापासून सब-ओहमचं माझं वरचं सगळं गणित बाद, तिकडे तरी.

सरकारने त्याच दिवशी सिगारेटवरही १०० नगांमागे २.२० पाउंड वाढवायचं ठरवलंय, वेप आणि सिगारेटमधलं अंतर बुजू नये म्हणून. पण हिशेब करा, पाकिटामागे ते होतात ४४ पेन्स. ढगवाल्यासाठी अंतर कमीच झालं म्हणायचं.

निवांत_नाना

सुटा तंबाखू गुंडाळून ओढणारे राहिले की. बऱ्याच देशांत त्यावर कर कमी असतो. ३० ग्रॅमच्या पाउचमध्ये अर्ध्या ग्रॅमची बारीक वळली तर ६० होतात, पाऊण ग्रॅमची जाड वळली तर ४०. पाकिटाच्या तुलनेत बराच स्वस्त पडतो, त्यामुळे गुंडाळून ओढणारा वेपवर आला तर त्याला शंभरावरून साडेबारा दिसणार नाही, पन्नास-साठावरून साडेबारा दिसेल. आणि तापवून ओढायच्या तंबाखूचं, ते आयकॉस वगैरे, त्यात काड्या पाकिटातूनच घ्यायच्या असतात, २० च्या २०, त्यामुळे रोजचा खर्च सिगारेटच्याच चालीने चालतो. वर डिव्हाइस वेगळा. पैसे वाचतील म्हणून तिकडे जाणारा मला तरी भेटलेला नाही.

सुपारीफूल

मी विम्याच्या कामात आहे, त्यातलं एक सांगते जे या हिशेबात कोणीच घेत नाही. आयुर्विम्याचा फॉर्म भरताना "मी सिगारेट सोडली, आता वेप ओढतो" म्हणून लोक खुशीत सांगतात, आणि बहुतेक कंपन्या त्यांना स्मोकरच धरतात. तपासणीत बघतात ते कोटिनिन, निकोटिन शरीरात मोडलं की जे तयार होतं ते. ते सिगारेटमधून आलं की वेपमधून की निकोटिन गममधून हे त्या चाचणीला कळत नाही. नॉन-स्मोकरचा हप्ता हवा असेल तर साधारण १२ महिने निकोटिनचं काहीच घेतलेलं नको असतं. स्मोकरचा हप्ता बराच जास्त असतो, वय वाढेल तसा फरक आणखी वाढतो, आणि तो भरायचा असतो वीस-पंचवीस वर्षं. तुमचे ते डिव्हाइसचे २५० पॉइंट याच्यापुढे काहीच नाहीत. आणि लपवू नका प्लीज, क्लेमच्या वेळी घरच्यांना निस्तरावं लागतं.

रातकिडा

बाप रे. हे माहीतच नव्हतं.

झाडाखाली

ताई, मग निकोटिन शून्य असलेलं लिक्विड ओढलं तर?

सुपारीफूल

चाचणीत कोटिनिन येणार नाही, पण फॉर्ममध्ये वेप ओढता का असा सरळ प्रश्न असतो, तिथे कंपनी-कंपनीचे नियम वेगळे. आधी विचारून घ्या, अंदाजाने भरू नका.

आडवातिडवा

सगळ्यात स्वस्त म्हणजे दोन्ही सोडणं, ते कोणी बोलेना. शून्य पॉइंट.

गणिताचा_पेपर

बोलतो की, तेही हिशेबानेच बोलू. निकोटिन पॅचचा ठरलेला कोर्स घ्या, पाकीटभर ओढणाऱ्याला २१ एमजी, मग १४, मग ७, साधारण दहा आठवडे. समजा रोजचे ४०-५० पॉइंट पडले तरी दहा आठवड्यांत संपलं, वर्षाच्या हिशेबात २,८०० ते ३,५००. पॉडवाल्याचे साडेबारा दराने वर्षाचे साडेचार हजारांच्या वर. म्हणजे पॅच रोजच्या भावाने महाग आणि वर्षाच्या भावाने स्वस्त, अट एकच, सुटली पाहिजे.

आणि तिथेच अडतं. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ब्रिटनमधल्या ८८६ लोकांवरची चाचणी छापून आली होती. निम्म्यांना पॅच, गम वगैरे दिलं, निम्म्यांना रिफिलवाला वेप. वर्षाने वेपवाल्यांतल्या १८% लोकांची सिगारेट सुटलेली होती, पॅच-गमवाल्यांत ९.९%. म्हणजे सुटण्याच्या बाबतीत वेप जवळपास दुप्पट सरस. पण पुढचा आकडा खर्चासाठी महत्त्वाचा आहे, ज्यांची सिगारेट सुटली त्यांच्यात वेपवाले ८०% वर्षानंतरही वेप ओढतच होते, आणि पॅच-गमवाल्यांत ते वापरणारे राहिले होते फक्त ९%.

म्हणून मला वाटतं वेपचा खर्च "महिन्याला किती" असा विचारण्यात अर्थ नाही, "किती वर्षं" असा विचारावा. साडेबारा हा आकडा छोटा आहे म्हणूनच तो कोणाला खुपत नाही आणि चालू राहतो. शंभर खुपायचा.

रातकिडा

हे मात्र खरंय. पाकिटाला पैसे देताना दर वेळी जीव तुटायचा, बाटली घेताना काहीच वाटत नाही.

टिंबटिंब

निकोटिन हळूहळू उतरवत गेलं तर? २०, मग १०, मग ६ असं?

कापूसकोंड्या

चालतं, पण डिव्हाइस तोच ठेवा आणि वॅटेज वाढवू नका. बहुतेक लोक स्ट्रेंग्थ उतरवतात आणि त्याच आठवड्यात मोठा डिव्हाइस घेतात, मग निकोटिन आहे तिथेच आणि लिक्विड तिप्पट. उतरवल्यावर एमएल थोडे वाढतील पहिले काही दिवस, ते परत खाली येऊ द्या आणि मगच पुढची पायरी. वाढले आणि खाली आलेच नाहीत तर समजा फार घाई केली.

घरी लिक्विड मिसळणारे असतील तर त्यांच्यासाठी एक, स्वस्त पडतं म्हणून दाट निकोटिन आणून कोणी घरात ठेवत असेल तर ते मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही असं कुलपात ठेवा, हातमोजे घाला, आणि मापायला सिरिंज नाहीतर वजनकाटा, अंदाजपंचे नको. निकोटिन कातडीतूनही आत जातं.

झाडाखाली

पण दिवसाला किती एमएल जातं हे मोजायचं कसं? पॉड मी अर्धवट असतानाच भरतो, कधी दोनदा कधी चारदा, काही पत्ता लागत नाही.

गणिताचा_पेपर

पॉड मोजू नका, बाटली मोजा. नवी बाटली उघडली की त्याच दिवशी तिच्यावर मार्करने तारीख लिहायची. पुढची उघडाल तेव्हा मधले दिवस मोजा, १० भागिले दिवस. एका बाटलीवर विश्वास ठेवू नका, तीन-चार बाटल्यांची सरासरी काढा, आणि गळून गेलेलं पण त्यातच धरा, पैसे त्याचेही गेलेत.

झाडाखाली

लिहिली होती हो मागच्या वेळी. बाटलीवर लिक्विड सांडलं आणि तारीख पुसून गेली.

कापूसकोंड्या

पुसणारच, लिक्विडने मार्करची शाई सुटते. बाटलीच्या बुडाला कागदी टेप चिकटवा आणि पेन्सिलने लिहा.